पॅच टाकूनही मेल सर्व्हरवरचा डीएनएस स्पूफिंगचा शेरा परत का येतो?

डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणारी यंत्रणा, आणि स्पूफिंग म्हणजे तिच्या नावाने बनावट उत्तर देणं. तक्रार साधारण अशी असते. सुरक्षा तपासणीच्या अहवालात मेल सर्व्हरवर शेरा येतो: ‘डीएनएस ट्रँझॅक्शन आयडीचा अंदाज बांधता येतो’ किंवा ‘सोर्स पोर्ट बदलत नाही’. (ट्रँझॅक्शन आयडी म्हणजे प्रश्न आणि उत्तर जुळवायचा क्रमांक, सोर्स पोर्ट म्हणजे प्रश्न ज्या दारातून बाहेर पडतो त्याचा क्रमांक.) तुम्ही अपडेट टाकता, सर्व्हर रीस्टार्ट करता, पुन्हा स्कॅन करून घेता. शेरा जातो. पुढच्या तपासणीत तोच शेरा हजर. कधी अहवाल नसतो, पण लॉगमध्ये एखाद्या ओळखीच्या डोमेनची मेल भलत्याच आयपीकडे गेल्याची एक ओळ सापडते. दुसऱ्या दिवशी सगळं सुरळीत दिसतं आणि विषय मागे पडतो.

दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं. आपण जिथे दुरुस्ती केली तिथून मेल सर्व्हरच्या क्वेरी (डीएनएसला विचारलेले प्रश्न) जातच नव्हत्या, किंवा तेव्हा जात होत्या आणि नंतर त्यांची वाट बदलली. म्हणून या प्रकरणात ‘पॅच टाकलाय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर विसंबू नका. बाहेर पडणारं पॅकेट स्वतः बघा.

नेमकं काय बिघडतं

मेल पाठवायची तर सर्व्हरला आधी विचारावं लागतं की या डोमेनची मेल कोण स्वीकारतं. उत्तरात एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल स्वीकारणाऱ्या होस्टचं नाव, येतो, मग त्या होस्टचा पत्ता विचारला जातो. ही देवाणघेवाण बहुधा यूडीपीवर होते. यूडीपीत आधी जोडणी होत नाही, त्यामुळे आलेलं उत्तर खरं की खोटं हे सर्व्हर चारच गोष्टींवरून ठरवतो: उत्तर कुठल्या पत्त्यावरून आलं, कुठल्या पोर्टवर आलं, त्यातला प्रश्न तोच आहे का, आणि १६ बिटांचा ट्रँझॅक्शन आयडी जुळतो का. या चारही गोष्टी जुळणारं बनावट उत्तर खऱ्याच्या आधी पोचलं, तर तेच खरं ठरतं. मागून आलेलं खरं उत्तर टाकून दिलं जातं.

१६ बिट म्हणजे ६५,५३६ शक्यता. आजच्या नेटवर्कच्या वेगापुढे हा आकडा लहान आहे. त्यात सोर्स पोर्टही दर वेळी वेगळा असेल तर हल्लेखोराला दोन्ही ओळखावं लागतं. लिनक्सवर नेहमीची पोर्टची श्रेणी ३२७६८ ते ६०९९९ असते, म्हणजे २८,२३२ पोर्ट. दोन्ही मिळून सुमारे १८५ कोटी शक्यता होतात. पोर्ट एकच राहिला तर पुन्हा ६५,५३६. आयडी एकेकाने वाढत असेल तर अंदाज बांधण्यासारखं फारसं काही उरतच नाही.

मेल सर्व्हरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि तिच्याकडे पुरेसं लक्ष दिलं जात नाही. क्वेरी कधी निघावी हे बाहेरचा माणूस ठरवू शकतो. नसलेल्या खात्यावर मेल पाठवायची आणि पाठवणाऱ्याच्या जागी हवं ते डोमेन घालायचं. तुमचा सर्व्हर बाउन्स (मेल पोचली नाही असा निरोप) पाठवायला जातो आणि त्या डोमेनचा एमएक्स विचारतो. बाउन्स बंद असले तरी एसपीएफची तपासणी (या पत्त्यावरून या डोमेनची मेल पाठवायला परवानगी आहे का), पाठवणाऱ्याचं डोमेन अस्तित्वात आहे का ही तपासणी, जोडणीच्या सुरुवातीला समोरचा सर्व्हर हेलोमध्ये सांगतो ते नाव पडताळणं, या सगळ्यांत डीएनएस क्वेरी आहेच. ब्राउझरवाल्या माणसाकडून लिंक उघडून घ्यावी लागते. मेल सर्व्हर मात्र पोर्ट २५ वर दिवसरात्र कुणाचंही ऐकतो.

सुरक्षा संशोधक डॅन कमिन्स्की यांनी २००८ मध्ये दाखवलेल्या हल्ल्यानंतर ८ जुलै २००८ ला अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी पॅच काढले आणि सोर्स पोर्ट यादृच्छिक करणं हा रिवाज झाला. त्याआधी समजूत अशी होती की एक प्रयत्न फसला की कॅशेमधली (साठवून ठेवलेल्या उत्तरांतली) नोंद संपेपर्यंत हल्लेखोराला थांबावं लागतं. दर वेळी त्याच डोमेनखालचं नवं, अस्तित्वात नसलेलं नाव विचारायला लावलं की थांबावं लागत नाही, हे त्यांनी दाखवलं. पुढे जानेवारी २००९ मध्ये आरएफसी ५४५२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांची क्रमांकित कागदपत्रं) ने बनावट उत्तरांपासून बचावाचे नियम लिहून ठेवले.

२०१० चं प्रकरण मुद्दाम वाचण्यासारखं आहे

१३ एप्रिल २०१० ला मायक्रोसॉफ्टने एमएस१०-०२४ हे बुलेटिन काढलं. विषय होता विंडोजची एसएमटीपी (मेल पाठवणारी) सेवा आणि मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर एक्सचेंज. त्यात दोन त्रुटी सांगितल्या होत्या: एकीने सेवा बंद पाडता येत होती, दुसरीने मेमरीतला मजकूर बाहेर येत होता. कोर सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांनी त्या पॅचने नेमकं काय बदललं हे उलगडून पाहिलं, तेव्हा बुलेटिनमध्ये उल्लेख नसलेल्या आणखी दोन दुरुस्त्या सापडल्या. त्यांना पुढे सीव्हीई-२०१०-१६८९ आणि सीव्हीई-२०१०-१६९० हे क्रमांक मिळाले (सीव्हीई म्हणजे जाहीर त्रुटींची क्रमांकित यादी).

पहिलीत ट्रँझॅक्शन आयडी आधीच्या आयडीत एक मिळवून बनत होता. दुसरी त्याहून वाईट होती: आलेल्या उत्तरातला आयडी पाठवलेल्या क्वेरीच्या आयडीशी जुळतो का, हे तपासलंच जात नव्हतं. म्हणजे चारपैकी एक कुलूप पूर्ण उघडं. विंडोज २००० पासून सर्व्हर २००८ आर२ पर्यंत आणि एक्सचेंज २००३, २००७, २०१० या सगळ्यांचा त्यात समावेश होता.

यातून शिकायचं ते असं. २००८ चा डीएनएसचा पॅच टाकलेल्या यंत्रावरही हा दोष होता, कारण एसएमटीपी सेवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या रिझॉल्व्हरला (डीएनएसला विचारून उत्तर आणणाऱ्या भागाला) विचारतच नव्हती. तिच्या एसएमटीपीएसव्हीसी डीएलएल या फाइलमध्ये डीएनएसचा स्वतंत्र कोड होता. आणि दुरुस्तीचा उल्लेख बुलेटिनमध्ये नसल्यामुळे, ‘सेवा बंद पडण्याचा धोका आपल्याला चालेल, अपडेट पुढच्या महिन्यात टाकू’ असं ठरवणाऱ्यांना आपण नेमकं काय उघडं ठेवतोय हे कळायला मार्ग नव्हता. माझ्या मते मेल सर्व्हरच्या सुरक्षा अपडेटला गंभीरतेच्या शिक्क्यावरून पुढे ढकलू नये, याला एवढं एक उदाहरण पुरे.

हा प्रकार तिथे संपला नाही. २०२२ मध्ये यूसीलिबसी आणि यूसीलिबसी-एनजी या लहान उपकरणांत वापरल्या जाणाऱ्या लायब्ररींमध्ये पुन्हा अंदाज बांधता येणारे आयडी सापडले, क्रमांक सीव्हीई-२०२२-३०२९५. २०२३ मध्ये एक्झिम या मेल सर्व्हरमधल्या डीएनएसडीबी लुकअपची त्रुटी जाहीर झाली, सीव्हीई-२०२३-४२११९. तिचं स्वरूप वेगळं होतं: डीएनएसचं उत्तर वाचताना प्रोग्राम मेमरीची हद्द ओलांडत होता. म्हणजे बनावट उत्तर मेल भलतीकडे वळवतंच, शिवाय हल्लेखोराला ते वाचणाऱ्या कोडमधल्या भोकापर्यंतही पोचवतं. पॅच येईपर्यंतचा उपाय म्हणून तेव्हा विश्वासू रिझॉल्व्हर वापरा असंच सुचवलं गेलं होतं.

पॅकेट कसं बघायचं

मेल सर्व्हरवर टीसीपीडम्प (येणारीजाणारी पॅकेट दाखवणारा प्रोग्राम) चालवा. नावं सोडवू नयेत म्हणून एन हा पर्याय, इंटरफेस म्हणून एनी, आणि फिल्टर फक्त यूडीपी पोर्ट ५३. एनी दिल्यामुळे लूपबॅकवरची (यंत्राची स्वतःशीच होणारी) रहदारीही दिसते, ती आपल्याला हवी आहे. विंडोजवर वायरशार्क घ्या. मग दुसऱ्या खिडकीतून वेगवेगळ्या डोमेनना चाचणी मेल पाठवा. बिघडलेल्या सर्व्हरवर असं काहीतरी दिसतं:

१९२.०.२.१०.१०३१ > १९८.५१.१००.५३.५३: ५२१७+ एमएक्स?
१९२.०.२.१०.१०३१ > १९८.५१.१००.५३.५३: ५२१८+ एमएक्स?
१९२.०.२.१०.१०३१ > १९८.५१.१००.५३.५३: ५२१९+ ए?

डावीकडच्या पत्त्यात चौथ्या ठिपक्यानंतरचा आकडा, इथे १०३१, हा सोर्स पोर्ट. विसर्गचिन्हानंतरचा आकडा हा ट्रँझॅक्शन आयडी. अधिकचं चिन्ह म्हणजे समोरच्याला पूर्ण शोध घेऊन उत्तर द्यायला सांगितलंय. पोर्ट तीनही वेळा तोच आणि आयडी एकेकाने वाढतोय: यापुढे दुसरा पुरावा लागत नाही.

पाचदहा ओळींवरून मात्र निष्कर्ष काढू नका. निदान काहीशे क्वेरी जमवा, आयडी आणि पोर्ट वेगळे काढा आणि पाठोपाठच्या आकड्यांतला फरक बघा. एका गोष्टीने उगाच घाबरायला होतं, ती आधीच सांगतो. लिनक्सच्या जीलिबसी लायब्ररीचा रिझॉल्व्हर ए आणि एएएए (आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ पत्ता विचारणाऱ्या) या दोन क्वेरी एकाच सॉकेटवरून जोडीने पाठवतो. त्या जोडीचा पोर्ट सारखाच असणार, तो दोष नव्हे. जोडीच्या पुढच्या जोडीत पोर्ट बदलतोय का ते बघायचं.

आता खरं काम: क्वेरी कोण पाठवतंय? ज्याला आपण मेल सर्व्हर म्हणतो त्यात डीएनएसला विचारणारे अनेक जण असतात. पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर सिस्टिमच्या रिझॉल्व्हर लायब्ररीतून विचारतो. आरस्पॅमडी या स्पॅम फिल्टरची स्वतःची डीएनएस लायब्ररी आहे. स्पॅमअसॅसिन हा दुसरा फिल्टर पर्लच्या नेट::डीएनएस मॉड्यूलमधून विचारतो. अँटीव्हायरस, पॉलिसी तपासणारे प्रोग्राम, डीएमएआरसी तपासणारे मिल्टर (मेल सर्व्हरला जोडलेले फिल्टर), सगळ्यांच्या वाटा निरनिराळ्या असू शकतात. हे प्रोग्राम बहुधा वेगवेगळ्या युजरखाली चालतात, याचा फायदा घ्या. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलमध्ये बाहेर जाणाऱ्या पोर्ट ५३ च्या पॅकेटवर युजरनुसार लॉगचा नियम लावला की थोड्याच वेळात स्पष्ट यादी हाती येते. त्या यादीत असं एखादं नाव निघतं, जे कुणाच्याच लक्षात नसतं.

शेवटची पायरी लोक बहुतेक गाळतात: हीच पाहणी फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला करा. आतून पोर्ट अगदी विखुरलेले निघतात आणि नॅट करणारं (आतले पत्ते आणि पोर्ट बदलून बाहेर पाठवणारं) उपकरण ते १०२४, १०२५, १०२६ असे ओळीने लावून बाहेर सोडतं, हे २००८ पासून माहीत असलेलं दुखणं आहे. अशा वेळी सर्व्हरवर कितीही अपडेट टाका, बाहेरून तपासणाऱ्याला शेरा दिसतच राहणार. आणि कधी दिसतो, कधी नाही, याचं कारणही बऱ्याचदा हेच असतं. दोन फायरवॉल आलटूनपालटून काम करत असतील आणि त्यांतल्या एकाचंच फर्मवेअर नवं असेल, तर शेरा कुणाची पाळी आहे त्यावर अवलंबून राहतो.

परत का येतो, याची मला दिसलेली कारणं

सर्वांत जास्त वेळ खाणारं कारण म्हणजे सेटिंगच्या फाइल आपोआप जागेवर ठेवणारं कॉन्फिग मॅनेजमेंट. फार पूर्वी कुणीतरी फायरवॉलमध्ये नियम लिहिलेला असतो की डीएनएससाठी फक्त पोर्ट ५३ वरून निघालेली क्वेरी बाहेर जाऊ द्यायची. त्या नियमाला जुळावं म्हणून बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये क्वेरी-सोर्सला पोर्ट ५३ बांधून ठेवलेला असतो. तुम्ही ती ओळ काढता, रिझॉल्व्हर रीलोड करता, सगळं नीट होतं. मग ॲन्सिबल किंवा पपेटसारखं साधन आपल्या वेळेवर चालतं, साच्यातली जुनी फाइल परत ठेवतं, आणि ओळ पुन्हा जागेवर येते. दुरुस्ती साच्यात करायची, आणि त्याआधी फायरवॉलचा नियम बदलायचा. उलट क्रमाने केलंत तर सगळ्या क्वेरी अडतील, मेल रांगेत साचेल, आणि घाईघाईत कुणीतरी पोर्ट ५३ परत बांधून टाकेल.

दुसरं, लायब्ररी अपडेट झाली पण प्रोग्राम जुनीच धरून बसलाय. लिनक्सवर फाइल बदलली तरी चालू असलेला प्रोग्राम मेमरीतली जुनी प्रत वापरत राहतो. पोस्टफिक्सचे मेल पोचवणारे प्रोसेस अल्पायुषी असतात, पण मिल्टर आणि स्पॅम फिल्टर महिनोन्‌महिने चालू राहतात. उघड्या फाइल दाखवणाऱ्या एलएसओएफच्या यादीत डिलीटेड असं लिहिलेली लायब्ररी दिसली की ती सेवा रीस्टार्ट करा.

तिसरं, चेंजरूट. पोस्टफिक्सचे काही भाग स्पूल डिरेक्टरीत कोंडून चालवले जातात, आणि तिथे रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची (कुठल्या रिझॉल्व्हरला विचारायचं हे सांगणाऱ्या फाइलची) वेगळी प्रत असते. मुख्य फाइल बदलली म्हणजे ही प्रत बदलली असं नाही. दोन्ही फाइल शेजारीशेजारी उघडून बघा.

चौथं, डीएचसीपी, म्हणजे यंत्राला नेटवर्कचा पत्ता आपोआप देणारी सेवा. तुम्ही लूपबॅकवर चांगला रिझॉल्व्हर उभा केलात, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये १२७.०.०.१ लिहिलंत. पत्त्याची मुदत नवी झाली किंवा नेटवर्क सेवा रीस्टार्ट झाली, आणि डीएचसीपी क्लायंटने तिथे नेटवर्कचा रिझॉल्व्हर लिहून टाकला. कुठेही एरर येत नाही, मेल चालूच राहते. याच कारणासाठी मी या प्रकाराला चेंजरूटपेक्षा धोकादायक मानतो.

कंटेनरमध्ये आणखी एक फसवणूक आहे. डॉकरच्या स्वतः बनवलेल्या नेटवर्कमध्ये कंटेनरला रिझॉल्व्हर म्हणून १२७.०.०.११ दिसतो. तपासणारा ‘लूपबॅक आहे, ठीक आहे’ म्हणून पुढे जातो. तो डॉकरचा अंतर्गत फॉरवर्डर आहे. बाहेरच्या नावांसाठी तो प्रश्न पुढे ढकलतो, स्वतः डीएनएसएसईसी (डीएनएसच्या उत्तरावरची डिजिटल सही) पडताळत नाही.

विंडोजवर बघायची जागा वेगळी. एक्सचेंज २००३ मध्ये एसएमटीपी व्हर्च्युअल सर्व्हरच्या डिलिव्हरी, ॲडव्हान्स्ड या भागात बाहेरचे डीएनएस सर्व्हर वेगळे देता येतात. पुढच्या आवृत्त्यांत ट्रान्सपोर्ट सर्व्हरवर बाहेरच्या लुकअपची वेगळी सेटिंग आहे. नेटवर्क कार्डावर कितीही चांगला डीएनएस लिहा, या खान्यात पत्ता लिहिलेला असेल तर मेल सेवा त्यालाच विचारते. आणि यंत्र जुन्या इमेजवरून पुन्हा उभं केलं असेल तर डीएलएलची आवृत्ती हाताने तपासा.

अपडेट मिळणं बंद झालेला सर्व्हर असेल तर

काही ठिकाणी जुना सर्व्हर लगेच हलवता येत नाही, हे मान्य. मग त्याच्याकडून डीएनएसचं काम काढून घ्या. सगळी बाहेरची मेल आतल्या एका नव्या रिलेकडे (मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरकडे) पाठवायला सांगा, आणि रिलेचा पत्ता नावाने न देता चौकोनी कंसात आयपी म्हणून लिहा. पोस्टफिक्स आणि विंडोजची एसएमटीपी सेवा दोन्ही चौकोनी कंसातला आयपी थेट वापरतात, एमएक्स शोधत नाहीत. येणारी मेलही आधी त्या रिलेवर घ्या, म्हणजे एसपीएफ आणि पाठवणाऱ्याच्या डोमेनची तपासणी तिथेच होईल. त्यानंतर जुन्या सर्व्हरचा पोर्ट ५३ बाहेरच्या दिशेने बंद करा आणि टीसीपीडम्पमध्ये शांतता आहे ना ते बघा. तरीही काही निघत असेल तर तो राहून गेलेला एखादा फिल्टर आहे.

दुरुस्तीच्या पुढे

पोर्ट आणि आयडी यादृच्छिक झाले की अंदाज अवघड होतो, अशक्य होत नाही. २०२० मध्ये सॅड डीएनएस या नावाने जाहीर झालेल्या हल्ल्यात आयसीएमपी या त्रुटी कळवणाऱ्या निरोपांवरच्या मर्यादेचा वापर करून बाहेरून सोर्स पोर्ट शोधून काढता आला, आणि लिनक्स कर्नलमध्ये दुरुस्ती करावी लागली. त्यामुळे उत्तराची सही तपासणं हाच खरा उपाय आहे.

मेल सर्व्हरवरच, लूपबॅकवर, अनबाउंडसारखा पडताळणी करणारा रिझॉल्व्हर ठेवा. त्याच यंत्रावर, हे महत्त्वाचं. दूरच्या रिझॉल्व्हरने ‘मी पडताळलं’ असं एडी फ्लॅगने सांगितलं तरी तो फ्लॅग वाटेत बदलता येतो. त्यामुळे जीलिबसी २.३१ पासून हा फ्लॅग आपोआप पुढे दिला जात नाही. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये ट्रस्ट-एडी हा पर्याय लिहावा लागतो, किंवा प्रोग्रामने स्वतः तशी मागणी करावी लागते. रिझॉल्व्हर खरोखर लूपबॅकवर असेल तेव्हाच तो पर्याय लिहा. स्पॅमच्या काळ्या याद्यांसाठीही स्वतःचा रिझॉल्व्हर बरा पडतो, कारण स्पॅमहाउससारख्या याद्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत आलेल्या क्वेरींना सरळ उत्तर देत नाहीत.

रिझॉल्व्हर पडताळतोय का, याची सोपी चाचणी आहे. डीएनएसएसईसी-फेल्ड डॉट ऑर्ग या डोमेनची सही मुद्दाम मोडून ठेवलेली आहे. डिग या डीएनएसला विचारणाऱ्या कमांडने ते विचारा. सर्व्हफेल (उत्तर देता आलं नाही) आलं तर पडताळणी चालू आहे, पत्ता आला तर नाही.

आता मेलची बाजू. नेहमीचं स्टार्टटीएलएस मेल गुप्त ठेवतं, पण समोरचा सर्व्हर खरा आहे का हे बघत नाही. एमएक्सच बनावट असेल तर तुमची मेल छानपैकी कूटबद्ध होऊन हल्लेखोराकडे जाते, तो ती वाचून खऱ्या सर्व्हरकडे पुढे पाठवतो, आणि कुणालाच काही कळत नाही. पासवर्ड बदलायच्या लिंका अशा मेलमधूनच जातात, हे ध्यानात घ्या. २०१५ च्या आरएफसी ७६७२ मधल्या डेनमुळे हे अडतं: समोरच्याच्या प्रमाणपत्राची खूण डीएनएसएसईसीने सही केलेल्या टीएलएसए रेकॉर्डमध्ये असते. पोस्टफिक्समध्ये डीएनएस सपोर्ट लेव्हल डीएनएसएसईसी आणि टीएलएस सिक्युरिटी लेव्हल डेन ठेवली की ती पडताळली जाते.

इथे एक सापळा आहे. डेन ही पातळी संधिसाधू आहे. पडताळलेलं उत्तर मिळालं नाही तर पोस्टफिक्स मुकाट्याने साध्या टीएलएसवर उतरतो. वर सांगितलेल्या डीएचसीपीने रिझॉल्व्हर बदलला की तुमचं डेन त्या क्षणापासून बंद, आणि मेल मात्र नेहमीसारखी चालू. पोस्टफिक्स ३.६ मध्ये यासाठी डीएनएसएसईसी-प्रोब आलं. उत्तर पडताळलेलं नसेल तर लॉगमध्ये ‘डीएनएसएसईसी व्हॅलिडेशन मे बी अनअव्हेलेबल’ अशी सूचना पडते. या ओळीवर अलार्म लावा. ज्या मोजक्या डोमेनशी तडजोड चालणारच नाही आणि ज्यांचे टीएलएसए रेकॉर्ड आहेत, त्यांच्यासाठी पॉलिसी टेबलमध्ये डेन-ओन्ली लिहा. तिथे पडताळणी जमली नाही तर मेल रांगेत थांबते.

समोरच्या डोमेनची सहीच नसेल तर डीएनएसएसईसी काही करू शकत नाही. त्यांच्यासाठी एमटीए-एसटीएस आहे, २०१८ चा आरएफसी ८४६१. यात डोमेनचा मालक आपले एमएक्स कोणते हे एचटीटीपीएसवरून सांगतो आणि पाठवणारा सर्व्हर ते लक्षात ठेवतो. पहिल्या भेटीत बनावट डीएनएसने ‘असं धोरणच नाही’ असं भासवता येतं, ही त्यातली कमतरता. तरी एकदा धोरण कॅशेत गेलं की त्याची मुदत संपेपर्यंत संरक्षण राहतं, म्हणून स्वतःच्या डोमेनसाठी ही मुदत काही आठवड्यांची ठेवा.

पडताळणी बंद करायची वेळ का येते, तेही सांगतो. घड्याळ चुकलं की सह्या मुदतबाह्य दिसतात आणि सगळी डोमेन सर्व्हफेल होतात. जुन्या इमेजमध्ये डीएनएसच्या मूळ झोनची जुनी किल्ली असू शकते. ११ ऑक्टोबर २०१८ ला ती बदलली गेली, त्यामुळे फक्त जुनीच किल्ली असलेल्या इमेजवरून उभा केलेला रिझॉल्व्हर काहीच पडताळू शकत नाही. मग मेल अडते आणि कुणीतरी पडताळणी बंद करून मोकळं होतं. बंद करण्यापूर्वी ही दोन कारणं तपासा.

विष (बनावट उत्तर) आधीच शिरलंय अशी शंका असेल तर

आधी पुरावा जपा, मग साफ करा. रिझॉल्व्हरच्या कॅशेचा डम्प फाइलमध्ये घ्या, त्यात संशयित डोमेनचा एमएक्स आणि त्या होस्टचा पत्ता बघा, आणि तेच त्या डोमेनच्या अधिकृत नेमसर्व्हरला थेट विचारून जुळवा. फरक दिसला तर कॅशे रिकामा करा. आपोआप संपायची वाट बघू नका: बाइंड डीफॉल्टने एखादी नोंद सात दिवसांपर्यंत ठेवू शकतो, अनबाउंड एक दिवसापर्यंत, आणि बनावट उत्तरात टीटीएल (साठवून ठेवायची मुदत) मोठाच घातलेला असतो.

मग मेलचा लॉग. पोस्टफिक्सच्या प्रत्येक पोचवलेल्या मेलच्या ओळीत रिले या शब्दापुढे होस्टचं नाव, चौकोनी कंसात आयपी आणि पोर्ट असतो. गेल्या काही आठवड्यांच्या लॉगमधून डोमेन आणि आयपी अशा जोड्या काढा आणि एकदोनदाच आलेल्या जोड्या वेगळ्या करा. मोठ्या मेलसेवांचे आयपी सारखे बदलतात, तिथे नुसता नवा पत्ता म्हणजे काही सिद्ध होत नाही. पण वर्षभर एकाच पत्त्याने मेल घेणाऱ्या डोमेनची मेल तासभरच दुसऱ्या नेटवर्ककडे गेली असेल, तर ती ओळ गंभीरपणे घ्या. त्या तासात त्या डोमेनला गेलेल्या प्रत्येक मेलची यादी करा आणि पाठवणाऱ्यांना व घेणाऱ्यांना कळवा. पासवर्ड बदलायच्या लिंका किंवा कागदपत्रं त्यात असतील तर ती उघड झाली असं धरूनच पुढचं पाऊल टाका.

शेरा पुन्हा येऊ नये म्हणून तिकीट बंद करण्याआधी दोन गोष्टी क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांत) घाला. एक, मोडलेल्या सहीच्या त्या डोमेनची चाचणी. ती मेल सर्व्हरवर, चेंजरूटमधल्या आणि कंटेनरमधल्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फनेच चालली पाहिजे, तुमच्या लॅपटॉपवरून नव्हे. दोन, फायरवॉलच्या बाहेरच्या बाजूला रोज काही मिनिटांचा कॅप्चर, ज्यात वेगवेगळे सोर्स पोर्ट किती दिसले याची मोजणी होते. आकडा अचानक खाली आला की त्याच दिवशी फायरवॉलचा बदल-इतिहास उघडा.